चवाळ्यावरची काणी

काणी मला लहानपणापासून माहीत होती, कारण आम्ही ती खात असू. ज्वारी पोटरीतून बाहेर पडली की एखाद्या ताटाला कणसाऐवजी पांढरट, मऊ असं काहीतरी यायचं. ते फुटून काळं व्हायच्या आत तोडायचं आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभं राहूनच खायचं. ओठ काळे व्हायचे, आणि त्यावरून घरी कळायचं की पोरगं कुणाच्या तरी शेतात शिरलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या काणीबद्दल नाही. तिची एक बहीण आहे, दाण्याची काणी. ती कणसाला हात लावत नाही, फक्त दाणे बदलून टाकते. लांबून कणीस भरलेलं दिसतं. जवळ जाऊन दाणा चिमटीत दाबला की आतून पिठाऐवजी काळी भुकटी निघते. खळ्यावर मळणी झाली की ते दाणे फुटतात, भुकटी चांगल्या दाण्यांवर बसते, आणि पुढच्या पेरणीला त्यांच्याबरोबर जमिनीत जाते. या काणीपायी मी एक गोष्ट केली, आणि त्याहून वाईट म्हणजे ती केली असं कुणाला सांगितलं नाही.

मला वाढवलं आत्यानं. आई मी लहान असताना गेली, आणि वडिलांनी मला त्यांच्या बहिणीकडे आणून सोडलं. डोणगावापासून सायकलनं जाण्याइतक्या अंतरावर तिचं गाव. धाब्याचं घर, मागे गोठा, आणि समोर बोळ ओलांडला की काकीचं घर. काकी नात्यातली नव्हती. आत्या आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या, एवढंच नातं. पण दोघींच्या दारांना दिवसा कधी कडी नसे, आणि एकीच्या चुलीवरचं दुसरीच्या ताटात जायचं. काकीची जीभ तिखट. आत्या कमी बोलायची, पण बोलली की ते शेवटचं असायचं.

दोघींच्या शेतात ज्वारी एकच. तिला नाव नव्हतं, 'आपली जवारी' म्हणायचे. मान थोडी वाकलेली, दाणा मोत्यासारखा, आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. आजूबाजूच्या शेतांत काणी यायची, या ज्वारीला मात्र ती लागत नसे. तसं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

बियाणं हे बायकांचं काम होतं. पीक उभं असतानाच आत्या शेतात फिरून कणसं निवडायची, त्यांच्या जुड्या बांधायची, आणि त्या स्वयंपाकघरात आढ्याला टांगायची. बियाची कणसं खळ्यावर जात नसत. ती घरी, चवाळ्यावर, धोपाटण्यानं हलक्या हातानं बडवायची. चवाळं म्हणजे मांजरपाटाचे चार पट्टे जोडून शिवलेलं जाड कापड. त्यावर बियाशिवाय दुसरं काही टाकायचं नाही, वर्षातून एकदा काढायचं, धुवायचं, वाळवायचं, आणि मग त्यावर बी करायचं.

दर काही वर्षांनी दोघी बी पालटायच्या. आत्याचं रान नाल्याकाठचं, भारी. काकीचं वर बरडावर, हलकं. एकाच मातीत बी कंटाळतं असं त्या म्हणत. आत्याच्या जुड्या काकीकडे जायच्या, काकीच्या आत्याकडे. त्यातही रीत होती. द्यायचं ते कणसात द्यायचं, दाण्यात नाही. घेणारीनं एकेक कणीस डोळ्यांनी पाहावं, मग आपल्या चवाळ्यावर आपल्या हातानं बडवावं. म्हणजे पुढे कुणी कुणाला बोल लावायला नको.

महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा मला शेतकी खात्यात नोकरी लागली. एका सरकारी फार्मवर, पिकांच्या रोगांचं काम करणाऱ्या साहेबांच्या हाताखाली मदतनीस. आत्यानं गावभर पेढे वाटले नाहीत, तेवढी ऐपत नव्हती, पण सांगितलं गावभर. "माया भाचा जवारीचा डाक्टर झाला," असं ती म्हणायची. मी नुसता मदतनीस आहे हे तिला पटत नसे.

साहेब पुण्याकडचे होते. माझ्या बोलण्याची नक्कल करायचे, पण शिकवायचेही मनापासून. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली काणी दाखवली. काळी भुकटी तिथे काळी नव्हती. तपकिरी, गोल, एकसारखे मणी. मग त्यांनी दोन दिवस ओलाव्यात ठेवलेली भुकटी दाखवली. मण्यांना कोंब फुटले होते, आणि कोंबांच्या अंगावर होडीसारखे बारके बारके दाणे लागले होते. काही ठिकाणी दोन होड्या एकमेकींना बारीक पुलानं जोडल्या गेल्या होत्या.

"हे लग्न," साहेब म्हणाले. "एकट्याला ज्वारीत शिरता येत नाही. जोडीदार लागतो. आणि तोही वेगळ्या जातीचा. आपल्यासारखाच मिळाला तर जुळत नाही."

"म्हणजे नर आणि मादी?"

"दिसायला दोघं सारखेच. नर-मादी म्हणू नका, उगाच आपली भाषा त्यांच्यावर लादायची. पण जुळलं की त्यातून जो धागा निघतो तो कोंबात शिरतो, आणि मग सगळा पावसाळा झाडाबरोबर वाढतो. झाड हिरवंगार. कणसात दाणा धरायची वेळ येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही."

मग त्यांनी खरं सांगायचं होतं ते सांगितलं. काणी सगळीकडे एक नाही. मोताळ्याकडची काणी ज्या ज्वारीला लागते तिला दुसरबीडची लागत नाही, आणि उलटही. जोवर ती आपल्या गावात आपसातच सोयरीक करते तोवर तिची लेकरं आईबापांसारखी निपजतात. बाहेरगावची सोयरीक झाली की गुण मिसळतात, आणि मग कुठली ज्वारी तिला अडवील, सांगता येत नाही.

"म्हणून," साहेब म्हणाले, "आपल्याला सगळीकडची कणसं हवीत. पण एका ठिकाणची पिशवी आणून इथे ठेवायची, मगच दुसरीकडे जायचं. मोताळ्याची पोरगी तुमच्या पिशवीतच दुसरबीडला देऊ नका."

मी हसलो. मला ते विनोदासारखं वाटलं, आणि विनोद म्हणून मी तो लक्षात ठेवला.

सुगीच्या दिवसांत मी निघालो. मोताळ्याच्या बाजारात ओळख काढून एकाच्या शेतातली काणीची कणसं घेतली, कागदी पिशवीत बांधली. नियमाप्रमाणे फार्मवर परत यायला हवं होतं. पण दुसरबीडला जाऊन तिथून डोणगावला गेलं तर एक खेप वाचत होती, आणि वाचलेले दिवस आत्याकडे काढता येत होते. सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि सरळ दुसरबीडला गेलो. तिथली पिशवी, मग डोणगाव परिसरातली तिसरी. तिन्ही पिशव्या सायकलच्या मागे बांधून आत्याच्या गावाकडे वळलो. नाल्यावरच्या फरशीपुलावर शेवाळ होतं. सायकल घसरली, मी पडलो, पिशव्या पाण्यात.

आत्याच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती, आणि ती शेतात होती. पिशव्या तळापासून फाटल्या होत्या. कणसं तशीच ओली ठेवली असती तर बुरशी चढून ती वाया गेली असती, आणि साहेबांना पिशव्या का भिजल्या हे सांगावं लागलं असतं, त्याबरोबर तिन्ही एकत्र कशा आल्या हेही. मी वर धाब्यावर, घराच्या छतावर, गेलो. कठड्यावर धुतलेलं चवाळं वाळत टाकलेलं होतं. ते मी अंथरलं, आणि तीन कोपऱ्यांत तीन गावांची कणसं मांडली.

मला माहीत होतं ते कशाचं चवाळं आहे. हे लिहून टाकलेलं बरं. मला माहीत नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

ऊन चांगलं होतं, पण वारा होता. काही दाणे फुटले. भुकटी कापडावरून सरकताना मला दिसत होती. कणसं वाळल्यावर मी ती जुन्या वर्तमानपत्रात बांधली, कुठलं कुठलं ते अंदाजानं. चवाळं झटकलं, उलटं केलं, पुन्हा कठड्यावर टाकलं. धुण्याइतका वेळ होता. धुतलं असतं तर वाळलेलं चवाळं पुन्हा ओलं कसं, असं आत्यानं विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं काकीकडून आलेल्या जुड्या आढ्यावरून काढल्या. ते पालटायचं वर्ष होतं. ओसरीत चवाळं अंथरलं. मी चहा पीत होतो. तिनं एक कणीस हातात घेतलं, फिरवून पाहिलं, मला दाखवलं.

"पाह्य, किती चोख हाये. तिचं तोंड कसंबी असो, बी चोख असते तिचं."

आणि धोपाटणं उचललं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आत्या, मले निघा लागते." तेवढंच म्हणालो.

पुढे एक संधी आली होती. मृगाच्या आधी मी गंधकाचा डबा घेऊन गावी गेलो. बियाण्याला गंधक चोळून पेरलं की वरची काणी मरते, हे तर मीच गावोगाव सांगत होतो. डबा आत्यासमोर ठेवला आणि म्हटलं, या वर्षी चोळून पेर.

ती हसली. "आपल्या बियाले कधी लागली काय काणी? ज्यायले लागते त्यायले दे."

"तरी चोळ. काय जाते आपलं?"

"काऊन बे? डाक्टर झाला म्हणून घरच्यायलेच औषध देतं काय?"

आणखी आग्रह केला असता तर कारण द्यावं लागलं असतं. डबा मी परत नेला. काकीनंही तो घेतला नाही, पण तिला गरज नव्हती. तिच्याकडे आत्याच्या जुड्या गेल्या होत्या, माझ्या त्या फेरीच्या आधीच, आणि त्या तिनं तिच्या चवाळ्यावर बडवल्या होत्या.

त्या दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा आत्या घरी नव्हती. शेतात गेलो. ती ज्वारीत उभी होती, हाताची बोटं काळी. भारी रानातली ती उंच ज्वारी, आणि जिथे हात लावावा तिथे दाण्यांऐवजी करडी, कडक बोंडं. सगळी नाही, पण पुष्कळ. त्या रानात कुणी कधी पाहिली नव्हती इतकी.

काकीचं शेत स्वच्छ होतं. काणीचं एकही कणीस नाही.

दोघींचं भांडण झालं ते विहिरीवर. मी होतो. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण मी त्यात एकही घातला नाही.

"म्या तुले चोख देल्लं," आत्या म्हणाली. "तुया वावरात पाह्य. अन् तू मले काय देल्लं?"

"म्या तुले कणसं देल्ले वं, दाने नाई. एकेक हातात घेऊन पाह्यलं तू. तवा काऊन नाई बोलली?"

"वरून समदेच चांगले दिसतात. खळ्यावर पडले असतीन तुये. तुले घाई असते."

"माये कणसं? खळ्यावर?" काकीनं घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "तुयं चवाळं पाह्यलं काय तू?"

"माया चवाळ्याले काय झालं? धुतेलं होतं थे."

"धुतेलं होतं तं मंग आभायातून पडली काय काणी?"

"आभायातून नाई. तुया घरून आली."

बादली भरत असलेल्या बाया थांबल्या होत्या. गावात कुणाच्या बियाला नाव ठेवणं ही लहान गोष्ट नव्हती. ज्या बाईच्या हातचं बी खोटं, तिच्याकडे पेरणीला पसाभर दाणे मागायलाही कुणी जात नसे. आणि काकीकडे तर निम्मं गाव जायचं. ती कुणाला नाही म्हणत नसे, फक्त टोमणा मारून द्यायची.

चार शब्द पुरे होते. मी काणी वाळवली होती. साहेबांची भीती होती, नोकरी नवी होती, हे सगळं खरं. पण मी गप्प राहिलो ते त्यासाठी नाही. ज्वारीच्या डॉक्टरनंच आपल्या हातानं घरात काणी आणली, हे त्या विहिरीवर, त्या बायांसमोर ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती. त्यापेक्षा काकीनं ऐकून घेतलं तर चाललं मला.

काकीनं घागर उचलली आणि निघून गेली. दोन्ही घरांच्या दारांना दिवसाही कडी लागली.

परत जाताना मी आत्याच्या शेतातली दोन कणसं बरोबर नेली. का नेली, सांगता येत नाही. साहेबांनी पुढच्या हंगामात ती भुकटी ओळीनं लावलेल्या वेगवेगळ्या ज्वारींच्या बियाण्याला चोळली. कणसं आल्यावर ते त्या ओळींतून तीन-तीनदा फिरले. मोताळ्याची काणी ज्यांना लागत होती त्यांतल्या काहींना ही लागली होती, आणि दुसरबीडची ज्यांना लागायची त्यांतल्याही काहींना.

"ही कुठली हो?" त्यांचा चेहरा मुलासारखा झाला होता. "हिचे आईबाप दोन वेगळ्या गावांचे दिसतात. कुठं मिळाली तुम्हाला?"

"मेहकर रस्त्यानं कुठंतरी, साहेब. नीट आठवत नाही."

ते चिडले नाहीत. म्हणाले, शोधू. आणि त्यानंतर दोन हंगाम आम्ही जीपनं मेहकर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं पाहत फिरलो. ते उतरायचे, धुऱ्यावरून वाकून कणसं पाहायचे, शेतकऱ्याशी बोलायचे, परत येऊन म्हणायचे, "नाही, ही ती नाही." मी शेजारी बसलेला असायचो. पुढे त्यांची बदली झाली. जाताना म्हणाले, "ती तुमची काणी राहिलीच." आता ते हयात नाहीत.

मला स्वतःलाही पक्कं माहीत नाही की तिचं काय झालं होतं. चवाळ्यावर काही सोयरीक होत नाही. ती होते ओल्या मातीत, पेरलेल्या दाण्याच्या सालीवर, पहिल्या पावसानंतरच्या दिवसांत. मी फक्त तीन गावांची वऱ्हाडं एका मांडवात आणून सोडली. कदाचित आत्याच्या शेतात लागली ती निव्वळ मोताळ्याची काणी असेल, आणि दोन्हींचे गुण दिसले ते मी अंदाजानं बांधलेल्या पुड्यांतल्या गोंधळामुळे असतील, की खरोखर त्या रानात लेकरं जन्मली होती, हे आता कोण सांगणार. साहेबांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी शोधलं असतं. पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, तरुण मदतनिसांना शिकवलंही, आणि दर वेळी त्या ठिकाणी आलो की खडू हातात घेऊन फळ्याकडे तोंड करायचो.

शिकवताना एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. काणी टिकते ती अशी. दर पिढीला ती आपले पत्ते पिसते, आणि त्यातून एखादा असा निघतो की ज्याच्यासाठी दार उघडं असतं. त्या दोन बायका बी पालटायच्या, कणसं निवडताना चार तऱ्हांची निवडायच्या, त्यांचीही रीत त्याच जातीची होती. ज्वारीच्या बाजूनं पत्ते त्या पिसत होत्या. विहिरीवरच्या त्या दिवसानंतर ते थांबलं. आत्यानं ते बी सगळं दळून खाल्लं. मग संकरित ज्वारी आली. बुटकी, एका उंचीची, एका चेहऱ्याची. बियाणं औषध लावून पिशवीतूनच यायला लागलं, आणि काणी शेतात क्वचित दिसू लागली. ज्या रोगावरून दोन घरं तुटली तो रोग मागे पडला, पण दारं लागलेलीच राहिली.

मागच्या वर्षी आत्याच्या नातवाचं बारसं होतं. आता तिला नीट दिसत नाही, पण घरावर हुकूम तिचाच. दुपारी बाया येत होत्या. बोळापलीकडे काकी ओट्यावर सूप घेऊन बसली होती, तिला बोलावणं नव्हतं. घरातल्या नव्या सुनेनं आत्याच्या धाकट्या मुलीला, त्या भांडणानंतर जन्मलेल्या, विचारलं, "समोरच्या आजीले काऊन नाई सांगतलं?"

ती पाळण्याची दोरी ओढत म्हणाली, "त्यायचं आपलं जमत नाई. त्यायनं आपल्याले बियात काणी देल्ली होती."

"काणी म्हणजे?"

"मले नाई माहीत. पन देल्ली होती."

मी हातातला पेढा खाली ठेवला. काणी म्हणजे काय हेसुद्धा ज्यांना माहीत नाही त्यांनी काकीचं नाव खराब म्हणून घेतलं होतं, आणि पाळण्यातला तोही पुढे तेच म्हणणार होता. मी उठलो, बोळ ओलांडला, आणि काकीच्या ओट्यावर जाऊन बसलो.

ती तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं. फरशी, पिशव्या, धाबं, चवाळं, गंधकाचा डबा, विहीर. तिचे हात थांबले नाहीत. मी गप्प झालो तेव्हा तिनं एक खडा काढून बोळात टाकला.

"झालं?"

"झालं, काकी."

"इतकं सांगाले डोक्शाचे केस पिकाची वाट पाहा लागली काय बे?"

मी तिच्या सुपातला एक खडा वेचला.

"त्या दिशी विहिरीवरून आल्यावर," ती म्हणाली, "म्या घरातले राह्यलेले समदे कणसं खाली काढले. एकेक फोडून पाह्यलं. मले वाटे, असन. पडलं असन एखांदं खळ्यावर. मले घाई असतेच. मंग दुसऱ्या वर्सी कोनी बी मांगाले आलं तं मायाच हात धजे ना. म्या बी धरनंच सोडलं." तिनं सूप पाखडलं. "तू आत्याले नाई बोलला, मले नाई बोलला, हे एक. पन मले सोतावरच वहिम आला ना बापू. थे कोन भरून देईन?"

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिले माहीत हाये?"

"नाही."

"जाऊन सांग. मले काय सांगतं?"

बाया गेल्यावर मी आत्याजवळ बसलो आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मी धाब्यावरच्या चवाळ्यापाशी आलो तेव्हा तिनं हात वर केला.

"बस कर. मले माहीत हाये."

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

"सकाळी चवाळं काढलं तवा त्याच्यावर काळं होतं. मले वाटलं, चुलीची काजळी असन. झटकलं अन् बसली. मंग विहिरीवर तिनं चवाळ्याचं इचारलं, अन् मले एकदम समजलं. गंधकाचा डबा घेऊन आला होता ना तू? डबा घेऊन आला तवाच समजाले पाह्यजे होतं."

"मग तू तिला..."

"तू मायामागं उभा होता," आत्या म्हणाली. "तुया तोंडाकडं पाह्यलं म्या."

पाळण्यातलं पोर रडायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "मले माहीत होतं, हे तिले सांगतलं काय तू?"

"मलाच माहीत नव्हतं."

"मंग थे माया तोंडानंच जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी घेऊन दारात आली. काकी ओट्यावर होतीच. मला वाटतं, वाट पाहत होती. आत्या बोळाच्या मधोमध जाऊन थांबली.

"तूर निवडली काय वं?"

"निवडली," काकी वर न पाहता म्हणाली. "काणी नाई तिच्यात."

आत्यानं ते गिळलं. मग सुना, लेकी, पाण्याला निघालेली शेजारीण, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "चवाळ्यावर काळं होतं. म्या पाह्यलं होतं. तुयं बी चोख होतं."

काकी उठली आणि घरात गेली. आत्या उन्हात उभी राहिली. मी तिचा हात धरायला पुढे झालो, तिनं झटकला. बऱ्याच वेळानं काकी बाहेर आली, डोळे पुसलेले, आणि म्हणाली, "आता बोंबलून काय फायदा? ओट्यावर ये, नाईतर पडशीन." आत्या गेली. त्या दिवशी त्या काय बोलल्या मला माहीत नाही. फार बोलल्या नसाव्यात. पण दुपारी काकी येऊन बाळाला पाहून गेली, आणि त्याचं नाक बापावर गेलं आहे, बिचाऱ्याचं कसं व्हायचं, असं म्हणून गेली.

त्यानंतर मी त्या ज्वारीच्या मागे लागलो. कुठेतरी कुणीतरी हुरड्यासाठी म्हणून दोन ओळी ठेवल्या असतील असं वाटत होतं. डोणगावच्या बाजारात विचारलं, दुसरबीडपर्यंत जाऊन आलो. शेवटी आडवाटेच्या एका वस्तीवर एका म्हाताऱ्याच्या आढ्याला वाकड्या मानेची, मोत्यासारख्या दाण्याची कणसं दिसली. त्यानं एक दिलं. ते मी कागदी पिशवीत घालून, एकच पिशवी, सरळ गावी घेऊन आलो.

दोघी ओट्यावर होत्या. काकीनं कणीस हातात घेऊन फिरवलं, मान पाहिली, आत्याच्या हातात दिलं. आत्यानं बोटांनी चाचपलं. मग दोघींनी एकेक दाणा काढून दाताखाली धरला. काकीच्या तोंडात दात थोडेच, तिला वेळ लागला.

"थे नाई हे," आत्या म्हणाली.

"नाईच," काकी म्हणाली. "त्याले गोडी होती."

आणि कणीस माझ्याकडे परत देऊन दोघी पुन्हा तूर निवडायला लागल्या.